किलोमागे पन्नास किलो : ‘रॉकेट गर्ल्स’

अंतराळात शाळकरी मुली पाठवणारे ॲनिमे पुष्कळ आहेत. त्या मुली तिथे का, हा प्रश्न त्यातल्या बहुतेकांना पडत नाही. ‘रॉकेट गर्ल्स’ या बारा भागांच्या जपानी मालिकेला तो पडतो आणि तिचं उत्तर एका ओळीचं आहे : त्यांचं वजन कमी आहे. पुढची धमाल, पळापळ, भांडणं आणि जिवावरचे प्रसंग या उत्तरातून निघतात. म्हणून या मालिकेतलं विज्ञान तपासायचं तर पहिल्यांदा वजन तपासायचं.

होसुके नोजिरी यांच्या १९९५ पासूनच्या कादंबऱ्यांवर ही मालिका बेतलेली आहे. फेब्रुवारी ते मे २००७ या काळात ती जपानमध्ये प्रसारित झाली आणि तिला जाक्सा या जपानी अंतराळ संस्थेचं सहकार्य होतं. सोळा वर्षांची युकारी मोरिता आपल्या वडिलांना शोधायला सॉलोमन बेटांवर येते. मधुचंद्राला इथे आलेले असताना ते गायब झालेले असतात. याच बेटावर सॉलोमन स्पेस असोसिएशन नावाची छोटी संस्था माणूस पाठवून उपग्रह दुरुस्त करण्याचा व्यवसाय उभा करू पाहते आहे. तिचं मोठं रॉकेट एलएस-७ काही केल्या नीट उडत नाही. लहान एलएस-५ भरवशाचं आहे, पण त्याला पुरुषभर ओझं झेपत नाही. संस्थेचा एकुलता एक अंतराळवीर वजन उतरवण्याच्या उपासाला कंटाळून पळ काढतो आणि त्याला शोधायला निघालेल्या संचालक नासुदा यांच्या नजरेला किरकोळ अंगाची युकारी पडते. (जाक्साच्या आधीच्या संस्थेचं, नास्डाचं नाव जपानीत म्हटलं की ‘नासुदा’च ऐकू येतं. ती संस्था २००३ मध्ये जाक्सात विलीन झाली.)

आता हिशोब. पृथ्वीच्या खालच्या कक्षेत पोचायला, गुरुत्वाकर्षण आणि हवेचा विरोध यांत वाया जाणारा भाग धरून, सेकंदाला साधारण ९.४ किलोमीटर वेग कमवावा लागतो. घन इंधनाच्या रॉकेटचा विशिष्ट आवेग, म्हणजे इंधन किती काटकसरीने जोर देतं याचं माप, ३०० सेकंद धरू. हे जरा सढळ हाताने झालं, पण चालेल. म्हणजे वायू सेकंदाला २.९४ किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. ९.४ ला २.९४ ने भागलं की ३.२ येतात आणि ‘ई’ (सुमारे २.७१८) या गणितातल्या संख्येचा ३.२ वा घात होतो साडेचोवीस. एकाच टप्प्यात जायचं तर उड्डाणाच्या वजनातला ९६ टक्के भाग इंधनच हवा. उरलेल्या चार टक्क्यांत नळकांडं, नोझल आणि माणूस बसत नाहीत. म्हणून टप्पे करायचे. सारखा वेग देणारे तीन टप्पे घेतले आणि प्रत्येकाच्या वजनात दहा टक्के सांगाडा धरला, तर प्रत्येक टप्पा स्वतःच्या डोक्यावर एकूण वजनाच्या २७ टक्के ओझं वाहू शकतो. २७ टक्क्यांचे २७ टक्के आणि त्याचे पुन्हा २७ टक्के म्हणजे जेमतेम दोन टक्के. कक्षेत पोचणाऱ्या प्रत्येक किलोमागे तळावर पन्नास किलोचं रॉकेट उभं राहतं. सत्तर किलोच्या पुरुषाऐवजी चाळीस किलोची मुलगी बसवली की रॉकेट दीड टनाने हलकं होतं.

ऐकायला भारी वाटतं, पण इथे थांबलं तर हिशोब अर्धाच झाला. अमेरिकेची एकआसनी मर्क्युरी कुपी, म्हणजे माणूस बसतो ते छोटं यान, कक्षेत साधारण १,३६० किलोची होती. त्यात तीस किलो म्हणजे दोन टक्के. एवढ्याशा फरकासाठी कुणी अंतराळवीर बदलत नाही. खरी बचत होते ती कुपी आक्रसते म्हणून. उंची १७५ वरून १५५ सेंटिमीटरवर आली आणि कुपी त्याच प्रमाणात लहान केली, तर तिचं पृष्ठफळ २१ टक्क्यांनी आणि घनफळ ३० टक्क्यांनी घटतं. कुपीची भिंत आणि उष्णतारोधक कवच यांचं वजन पृष्ठफळाबरोबर चालतं, पॅराशूटचं उतरणाऱ्या वजनाबरोबर. रेडिओ आणि बॅटऱ्या माणूस बारका झाला म्हणून बारक्या होत नाहीत. तरी दीडदोनशे किलो सहज वाचतात आणि त्यांना पन्नासाने गुणलं की साडेसात ते दहा टन होतात. संचालक वजनकाट्याच्या इतके मागे का लागतात, हे या दुसऱ्या हिशोबाशिवाय पटत नाही. पात्रांच्या तोंडी किलोचे आकडे येत राहतात. कुपी किती अरुंद आहे हे मात्र बोलण्यापेक्षा चित्रात जास्त दिसतं, तिकडे लक्ष ठेवावं.

ही कल्पना हवेतून आलेली नाही. मर्क्युरीच्या अंतराळवीरांना १८० सेंटिमीटरची उंचीची मर्यादा होती. १९६० च्या सुमारास, मर्क्युरीच्या उमेदवारांची तपासणी करणारे डॉक्टर रँडॉल्फ लव्हलेस यांनी बायकांच्याही तशाच चाचण्या घेतल्या. बायका हलक्या असतात, त्यांना जागा आणि प्राणवायू कमी लागतो, हा त्यांच्या विचाराचा एक भाग होता. जेरी कॉबसह तेरा वैमानिक बायका त्या चाचण्यांत उत्तीर्ण झाल्या, पण नासाने त्यांच्यापैकी कुणालाही पाठवलं नाही. नोजिरींनी तो राहिलेला युक्तिवाद उचलला आणि शेवटाला नेला.

वजनाच्या याच गणितातून मालिकेतली सगळ्यात चांगली गोष्ट निघते : अंगाला घट्ट बसणारा अंतराळपोशाख. तो मुलींच्या अंगावर छान दिसावा म्हणून काढलेला आहे असं पहिल्या नजरेला वाटेल. पण त्यामागे खरं संशोधन आहे. शरीराला निर्वातात दोन गोष्टी लागतात : श्वासाला प्राणवायू आणि कातडीवर बाहेरून दाब. नेहमीचा पोशाख हा दाब हवेने देतो. म्हणजे माणूस एका फुगवलेल्या पिशवीत असतो आणि बोट वाकवायचं तरी ती पिशवी दाबावी लागते. अमेरिकी पोशाखात शुद्ध प्राणवायूचा दाब ३० किलोपास्कल, म्हणजे वातावरणाच्या तीन दशांशाच्या आसपास असतो आणि पाठीवरच्या यंत्रणेसकट त्याचं वजन सव्वाशे किलोच्या घरात जातं. १८ मार्च १९६५ रोजी सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सी लिओनोव्ह, माणसांतले पहिलेच, यानाबाहेर पडले तेव्हा पोशाख इतका फुगून ताठर झाला की परत आत शिरता येईना. शेवटी त्यांनी स्वतःच्या हाताने पोशाखातला दाब उतरवला.

दुसरा मार्ग अमेरिकी संशोधक पॉल वेब यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीला मांडला. हवेऐवजी ताणलेल्या कापडाने दाब द्यायचा आणि प्राणवायू फक्त शिरस्त्राणात ठेवायचा. कातडी वायूला जवळजवळ अभेद्य असते आणि चांगली चिवट असते, हा त्याचा पाया. फायदे मोठे आहेत. सांध्यांना हवा दाबावी लागत नाही. घाम कापडातून थेट निर्वातात उडून जातो, त्यामुळे थंड पाण्याच्या नळ्यांचं अंतर्वस्त्र नको. आणि बारीकसं भोक पडलं तर पोशाख फुसकन रिकामा होत नाही, तेवढ्या जागी कातडीला सूज किंवा काळानिळा डाग येतो, बस. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात डेव्हा न्यूमन यांच्या गटाने हीच वाट पुढे नेली. अजून असा पोशाख घालून कुणीही अंतराळात गेलेलं नाही.

का नाही, हे समजून घेतलं की मालिका कुठे धीट आहे आणि कुठे घाई करते ते कळतं. ताणलेलं कापड गोलाईवर दाब देतं, खोलगट भागावर देत नाही. काख, जांघ, तळहात, कण्यालगतची पन्हळ या ठिकाणी कापड अंगापासून सुटून तंबूसारखं ताणलं जातं आणि खालची कातडी उघडी पडल्यागत होते. तिथे रक्त आणि द्रव साचून सूज येते. उपाय म्हणून त्या जागी भरीव गाद्या किंवा द्रव भरलेल्या पिशव्या बसवाव्या लागतात. दुसरी अडचण चढवण्याची. तीस किलोपास्कल म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर तीनशे ग्रॅमचा भार. एवढा ताण असलेलं कापड पोहण्याच्या पोशाखासारखं चटकन ओढून घेता येत नाही. वेब यांच्या नमुन्यात एकावर एक थर चढवावे लागत आणि मदतीला माणूस लागे. मालिकेत मुली तो ज्या सहजतेने घालतात ते खरं धरू नये.

तिसरी अडचण मालिकेच्या कथेला फार जवळची आहे. पोशाख अंगाबरहुकूम शिवला म्हणजे अंग बदलून चालत नाही आणि वजनरहित अवस्थेत ते बदलतंच. पाठीचा कणा सैलावून उंची तीन टक्क्यांपर्यंत वाढते, म्हणजे १५५ सेंटिमीटरच्या मुलीची साडेचार सेंटिमीटर. पायातला द्रव वर सरकतो, पोटऱ्या बारीक होतात, चेहरा सुजतो. जमिनीवर मोजून शिवलेला घट्ट पोशाख दोन दिवसांत खांद्यापासून जांघेपर्यंत ओढायला लागेल आणि पोटरीवर ढिला पडेल. त्यात सोळाव्या वर्षी अंग वाढतं ते वेगळंच. युकारीची सावत्र बहीण मात्सुरी तिच्याच अंगलटीची आहे म्हणून राखीव अंतराळवीर ठरते, हा धागा विनोदी असला तरी कारखान्याच्या दृष्टीने अचूक आहे. साच्याचा खर्च एकदाच होतो.

आणखी एक बारीक गोष्ट. ज्या यानात साध्या हवेचा पूर्ण दाब असतो तिथून तीस किलोपास्कलच्या पोशाखात थेट गेलं तर रक्तात विरघळलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपात सुटतो. पाणबुड्यांना होणारी सांधेदुखी ती हीच. ती टळावी म्हणून काही तास शुद्ध प्राणवायू ओढत बसावं लागतं. मर्क्युरीनंतरच्या अमेरिकी जेमिनी यानात हा खोळंबा नव्हता, कारण कुपीतच एक तृतीयांश दाबाचा शुद्ध प्राणवायू असे. हवा काढून बाहेर पडण्याची मधली खोली नसलेल्या, दार उघडून सरळ बाहेर पडण्याच्या लहान कुपीला हीच पद्धत शोभते आणि ती वजनही वाचवते. तिचा धोका आगीचा, आणि तो उड्डाणाआधी तळावर, पूर्ण दाबाचा प्राणवायू भरलेला असताना सगळ्यात जास्त.

रॉकेटच्या स्फोटांवर मालिका खूप हसते. संस्थेची रसायनतज्ज्ञ मिहारा जोरदार इंधनाच्या प्रेमात आहे आणि एलएस-७ च्या दशेत या प्रेमाचा वाटा आहे. घन इंधनात ‘जोरदार’ म्हणजे धोकादायक का, हे एका आकड्यातून दिसतं. इंधन किती वेगाने जळतं हे दाबावर अवलंबून असतं आणि दाब जळणाऱ्या पृष्ठभागावर. इंधनाच्या गाभ्यात तडा गेला आणि जळणारा पृष्ठभाग २० टक्क्यांनी वाढला असं समजा. इंधनाचा दाबघातांक, म्हणजे दाबाबरोबर जळण्याचा वेग किती चढतो ते सांगणारा आकडा, ०.४ असेल तर ज्वलनकक्षातला दाब ३६ टक्क्यांनी चढतो. सावध रचनाकाराच्या नळकांड्याला हे कदाचित सोसेल. दाबघातांक ०.७ असेल तर त्याच तड्याने दाब ८४ टक्क्यांनी चढतो आणि नळकांडं फुटतं. तडा ओतताना अडकलेल्या बुडबुड्यामुळे जाऊ शकतो, थंडी-उन्हाने आकुंचन-प्रसरण होऊन जाऊ शकतो, नाहीतर इंधन आणि भिंत यांच्यामधला चिकटथर सुटल्यामुळेही. दमट, तापट बेटावर या तिन्ही गोष्टी सांभाळणं कठीण. जुनं, मिळमिळीत इंधन वापरणारं रॉकेट भरवशाचं आणि नवं, तेज इंधन वापरणारं लहरी, हे नातं पूर्णपणे खरं आहे.

इथे एक गोष्ट आणखी बोलायला हवी होती. घन इंधनाचा जोर मध्येच कमी करता येत नाही. ओझं हलकं झालं की शेवटच्या टप्प्याच्या अखेरीस त्वरण उलट वाढतं. म्हणजे हलकी अंतराळवीर पाठवण्याचं बक्षीस तिला छातीवरच्या जास्त भाराच्या रूपाने मिळतं. मर्क्युरीचे अंतराळवीर अॅटलस रॉकेटवर स्वतःच्या वजनाच्या सात-आठ पटींपर्यंत भार सोसत होते, तोही पाठीवर आडवं झोपून.

परतीचा प्रवास हा मालिकेतला सगळ्यात रंगलेला भाग. कुपी ठरलेल्या जागी न उतरता थेट जपानात, युकारीच्या योकोहामातल्या शाळेच्या आवारात येऊन पडते. ही अतिशयोक्ती आहे, पण तिच्यामागचं यंत्र खरं आहे. कक्षेतून खाली यायला वेग सेकंदाला जेमतेम १०० ते १५० मीटरनी, म्हणजे दोन टक्क्यांहून कमी घटवायचा असतो. पण तो क्षण चुकला की प्रत्येक सेकंदामागे उतरण्याची जागा साडेसात-आठ किलोमीटर पुढे सरकते. लिओनोव्ह यांच्याच व्होस्खोद-२ मध्ये स्वयंचलित यंत्रणा बिघडली. हाताने यान वळवून दोघा अंतराळवीरांना जागेवर बसायला ४६ सेकंद जास्त लागले आणि ते ३८६ किलोमीटर लांब, पर्मच्या बर्फाळ जंगलात उतरले. मर्क्युरीचे अंतराळवीर स्कॉट कार्पेंटर २४ मे १९६२ रोजी सुमारे ४०० किलोमीटर पुढे पडले. त्यांची चूक सुटी करून पाहता येते : रॉकेटं तीन सेकंद उशिरा पेटली त्याचे २४ किलोमीटर, जोर कमी पडला त्याचे शंभराला थोडे कमी आणि यानाचं तोंड २५ अंश आडवं होतं त्याचे तब्बल २८०. उशिरापेक्षा दिशा महाग पडते. मालिका पाहताना हे ध्यानात ठेवलं तर कुपीतला प्रत्येक धक्का आणि प्रत्येक खोळंबा छातीत धडकी भरवतो.

सॉलोमनपासून योकोहामा सुमारे ५,४०० किलोमीटर. सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या हिशोबाने हा बारा मिनिटांचा उशीर झाला. पण अंतराहून मोठा प्रश्न कक्षेचा आहे. सॉलोमन बेटांचा मध्यभाग विषुववृत्तापासून नऊ-साडेनऊ अंशांवर आहे. तिथून सरळ पूर्वेला उडवलेलं यान साडेनऊ अंशांच्या पट्ट्यातच फिरत राहतं, जपानवरून कधीच जात नाही. योकोहामा पस्तीस अंशांच्या थोडं वर आहे, म्हणजे कक्षेचा कलही (विषुववृत्ताशी होणारा कोन) निदान तेवढा हवा. आणि तेवढा कल घेतला की विषुववृत्ताजवळून उडण्याचा फायदा विरतो. पृथ्वीच्या फिरण्याचा हातभार सॉलोमनवर सरळ पूर्वेला सेकंदाला ४५९ मीटर मिळतो, श्रीहरिकोट्याला ४५२ आणि जपानच्या तानेगाशिमाला ४०१. पस्तीस अंशांच्या कक्षेसाठी मात्र तिन्ही ठिकाणांहून तो सारखाच, ३८० च्या आसपास. मग तळ सॉलोमनवर कशाला? भूस्थिर कक्षेकडे जाणाऱ्या उपग्रहांसाठी आणि पूर्वेच्या मोकळ्या समुद्रासाठी. शिवाय त्या काळात तानेगाशिमाहून मच्छिमारांशी झालेल्या करारामुळे वर्षातले ठरावीकच दिवस उड्डाण करता येई.

उपग्रह हाताने दुरुस्त करण्याचा व्यवसाय अविश्वसनीय वाटत असेल तर एप्रिल १९८४ ची सोलर मॅक्स या उपग्रहाच्या दुरुस्तीची मोहीम आठवावी. अमेरिकी अंतराळवीर जॉर्ज नेल्सन पाठीवरच्या जेटच्या जोरावर उपग्रहापाशी गेले. पकडीचं यंत्र त्यांनी तीनदा लावलं आणि तिन्ही वेळा ते बसलं नाही, कारण उष्णतारोधक आवरण धरून ठेवणारी एक छोटी खुंटी आराखड्यात दाखवलेलीच नव्हती. मग त्यांनी सौरपंखा हाताने धरला तर उपग्रह गरगरायला लागला. तो स्थिर करून यांत्रिक हाताने पकडायला दोन दिवस गेले. १९९२ मध्ये तिघांनी बाहेर पडून इंटेलसॅटचा उपग्रह खरोखर हातांनी धरला. पान्याने बोल्ट फिरवला की बोल्टाऐवजी आपणच फिरतो, हेही शिकावं लागलं. जून १९६६ मध्ये यूजीन सर्नन दमून घामाघूम झाले, काचेवर वाफ धरली आणि काम अर्धवट सोडावं लागलं. नोव्हेंबरमध्ये बझ ऑल्ड्रिन यांनी पाय अडकवायच्या खोबणी आणि पाण्याखालच्या सरावाच्या जोरावर तसंच काम शांतपणे केलं. मुलींना मिळतं ते प्रशिक्षण या मानाने फारच थोडं आहे. विज्ञानाच्या बाजूने मालिकेतली सगळ्यात मोठी सवलत हीच. रॉकेटपेक्षा माणूस तयार करायला जास्त वेळ लागतो.

दोन गोष्टी खटकतात आणि त्यांचा विज्ञानाशी संबंध नाही. बेटावरचे लोक आणि मात्सुरीची मंत्रतंत्राची हौस साचेबद्ध आहे. सॉलोमनमधल्या माणसांना हसण्यापलीकडे काही काम दिलेलं नाही. आणि त्या घट्ट पोशाखावर कॅमेरा नको तेवढा रेंगाळतो. ज्या वस्तूमागे एवढं चांगलं कारण आहे तिचं ते कारण झाकलं जातं, याचं वाईट वाटतं. चित्रण त्या काळच्या टीव्ही मालिकांइतपत आहे, चेहऱ्यांपेक्षा यंत्रांवर जास्त मेहनत दिसते.

सगळे भाग मिळून पाच तासांच्या आत संपतात. सबटायटल वाचत पाहायचं तर सुरुवातीचे भाग भरभर पाहिले तरी चालतं. मात्र उलटी गणती सुरू झाली की नियंत्रण कक्षातलं बोलणं एकही ओळ न गाळता वाचावं, कारण पुढे काय बिघडणार याची खूण पुष्कळदा तिथेच असते. आठवी-नववीच्या पुढच्या, घातांक येणाऱ्या मुलांसोबत पाहत असाल तर कॅल्क्युलेटर जवळ ठेवा आणि वजनाचा आकडा कानावर पडला की त्याला पन्नासाने गुणायला सांगा.